अर्धा तास

सोहारच्या बंदराकडून रात्री वारा येतो,
त्यात मीठ कमी, लोखंड जास्त.
कॅम्पच्या जिन्यावर बसून मी टाइमशीट भरतो.
पोरं सुटली सहा दहाला.
मी लिहितो पाच चाळीस.

वरून हुकूम असतो. त्यावर कुणाची सही नसते.
आणि अर्धा तास म्हणजे काय हो,
एक चहा, बुटातली वाळू झाडणं.
चाळीस माणसांचे चाळीस अर्धे तास
कुठे जातात ते मी विचारलं नाही.
महिन्याअखेर माझ्या पाकिटात वीस रियाल जास्त निघाले,
तेव्हाही नाही.

एलिशा त्रिभुवन फोर्कलिफ्ट चालवतो.
सहा दिवस त्याच्या हजेरीवर माझी सही,
शुक्रवारी माझ्या डोक्यावर त्याचा हात.
मंडळीने त्याला वडील नेमलं,
वयाने माझ्याहून सात वर्षांनी लहान.
हॉलमध्ये आधी मल्याळी, मग फिलिपिनो, मग तेलुगू,
साडेअकराला आम्ही मराठी, सव्वीस जण.
खुर्च्या अजून आधीच्यांच्या अंगाने गरम.
भाकरीचं ताट फिरवण्याआधी तो म्हणतो,
आपापलं तपासा.
मी घड्याळ तपासतो.

परवा गुरुवारी रात्री तो जिना चढून आला.
मी तयारच होतो. जिभेखाली वाक्य धरून ठेवलं होतं :
तू कोण रे? तुझा पगार माझ्या पेनातून जातो.

तो खालच्या पायरीवर बसला. चप्पल काढली.
म्हणाला, "मार्चपासून माझ्या नावावर
तू अर्धा तास जास्त टाकतोस.
मला मार्चलाच कळलं होतं.
वडिलांचा कसा कापायचा, असं तुला वाटलं असेल.
वडिलांनी कसा घ्यायचा,
हे मला वाटायला ऑगस्ट उजाडला."
खिशातून लिफाफा काढला.
"सत्तेचाळीस रियाल होतात.
कंपनीला द्यायचे म्हणजे तुझं नाव निघणार,
म्हणून आधी तुझ्याकडे आलो. माफ कर."

बस. चाळीस जणांबद्दल अवाक्षर नाही.
एसीचं पाणी पिंपात टपटपत होतं.
त्याने बोट दाखवलं असतं
तर मी बोटाशी भांडलो असतो.
आता भांडायला समोर कुणी नव्हतं,
नुसते त्याचे अनवाणी पाय, टाचांना भेगा.

आई आठवली. मिशनच्या दवाखान्यात
ती महारोग्यांच्या पायांना टाचणी लावून बघायची.
कुणी "आई गं" म्हणून पाय ओढून घेतला
की तिचा चेहरा उजळायचा.
गप्प राहणाऱ्यांची तिला भीती वाटे.

मी म्हणालो, "एलिशा, तुला अधिकार आहे,
तू प्रार्थना कर आणि मिटवून टाक."
तो चप्पल शोधत म्हणाला,
"माझा अधिकार? या जिन्यापर्यंत येण्याचा.
तोही मला पाच महिने वापरता आला नाही."

शनिवारी बस लागली.
रामबिलास, सहा दहा. शफीकुल, सहा दहा.
थापा, सहा दहा. थापाच्या दहाशी पेन अडलं,
झटकलं, पुन्हा चाललं.
एलिशा, पाच चाळीस, खरे होते तेवढेच.
सुपरवायझरने शीट उलटून पाहिली, सुलटून पाहिली,
काही बोलला नाही.
त्याचं ते न बोलणं मी ओळखतो.
त्यातून दोन जण घरी गेलेत.

मागचे रियाल अजून मोजायचे आहेत.
चौपट करायचं तर कॅल्क्युलेटर लागेल,
आणि कॅल्क्युलेटर ऑफिसात राहिलाय,
हे कारण मला तीन दिवस पुरलं.

उद्या शुक्रवार.
ताट माझ्यापर्यंत येईल. घेईन, की पुढे सरकवीन,
माहीत नाही.
टोचतंय.
आई, टोचतंय गं.